मीटरमधले अकरा महिने

कोणी फाटका कोट घेऊन आलं की आमच्या वन्सं आधी कोटाकडे बघत नाहीत, माणसाकडे बघतात.

"कुठे अडकला होतात?"

"खुर्चीला खिळा होता, ताई."

"खिळा ठोकलात का मग? नाही ना. म्हणजे महिन्याभरात परत येणार. बसा."

मग कोट उलटा करून आतल्या शिवणीतून त्याच कपड्याचा एकेक धागा काढतात आणि त्यानेच भोक विणून टाकतात. बाहेरचा धागा चालत नाही, तो ओळखू येतो. काम झालं की कोट उजेडात धरून म्हणतात, "सापडलं तर पैसे देऊ नका." आजवर कोणाला सापडलेलं नाही. गल्लीत त्यांना सगळे रफूताई म्हणतात. माझ्या त्या थोरल्या नणंद, म्हणून माझ्या वन्सं. लग्न केलं नाही, कोणाकडे हात पसरला नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत बावीस वर्षं काढली. एक दिवा, एक पंखा, एक इस्त्री. विजेचं बिल दोनशेच्या आत.

त्या बिलाने घोळ घातला.

झालं असं, की वीज कंपनीच्या कचेरीतली रोख पैशांची खिडकी बंद झाली. काचेच्या जागी पुठ्ठा लागला आणि शेजारी कार्डाचं यंत्र आलं. दर वेळी बिलावर पंचवीस जास्त. नाव काय, तर सुविधा शुल्क. त्या दिवशी मी वन्संच्या सोबत होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं.

"सुविधा कोणाची गं?" वन्संनी यंत्राजवळ बसलेल्या मुलीला विचारलं.

"तुमची, काकू."

"रांगेत मी उभी. कार्ड माझं. बटणं मी दाबणार, पावती मीच फाडून घेणार. तू बसली आहेस. मग सुविधा कोणाची झाली?"

ती मुलगी हसायला लागली. "काकू, मी पगारावर आहे हो. मला कशाला विचारता? बँकेतून आपोआप कापून जाऊ द्या ना, त्याला शुल्क नाही."

पण त्यासाठी मीटर स्वतःच्या नावावर लागतं, आणि वन्संचं मीटर घरमालकाच्या नावावर. वन्सं निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"बिल केवढंही असलं तरी पंचवीसच?"

"केवढंही."

"आणि वर्षाचं एकदम भरलं तर?"

मुलीने डोकं खाजवलं. "तरी पंचवीसच. पण असं कोणी भरत नाही, काकू."

वन्संचा चेहरा असा उजळला, की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. दोन दिवसांनी त्यांनी डब्यातले साठवलेले पैसे बँकेत टाकले, कचेरीत गेल्या आणि बारा महिन्यांचं बिल एकदम भरून आल्या. संध्याकाळी आमच्याकडे येऊन सांगितलं, "अकरा वेळचे पंचवीस वाचले. दोनशे पंच्याहत्तर!"

"ताई, तू बँकेत नोकरीला असायला हवी होतीस," हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, वन्संचे धाकटे भाऊ. वन्संना ते खरंच वाटलं.

महिना सरतो न सरतो तोच त्या जिन्यात पडल्या. हाड मोडलं नाही, देवाची कृपा, पण गुडघा टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, "यापुढे तीन जिने विसरा." आणि योग बघा, त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधली तळमजल्याची खोली रिकामी झाली. मोठी खिडकी, सकाळचं ऊन, रफूला हवा तसा उजेड, आणि वर आम्ही. मालकीणबाई म्हणाल्या, "एक तारखेपर्यंत तुमच्यासाठी थांबते. मग पाटी लावीन." मी देवापुढे हात जोडून म्हटलं, एवढं एक कर, त्यांना इथे आण. ह्या वेळी पडल्या तेव्हा तासभर पायरीवर बसून होत्या, कोणाला हाकही मारली नाही त्यांनी. पुढच्या वेळी काय होईल, ह्या विचाराने माझं कामात लक्ष लागेना.

मी खोलीचं सांगितलं तर वन्सं म्हणतात, "येईन की. अकरा महिन्यांनी."

"अकरा महिने ती खोली कोण ठेवतंय?"

"मग राहू दे. माझे अकरा महिने मीटरमध्ये आहेत."

मी कचेरीत फोन लावला. जास्तीचे पैसे परत मिळतात, पण ज्यांच्या नावावर मीटर, त्यांच्याच खात्यात. म्हणजे घरमालकाच्या. त्यांचा वन्संच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर पाण्याचे पंप दुरुस्त करायचा कारखाना, म्हणून सगळे त्यांना पंपवाले म्हणतात. सरळ त्यांना जाऊन सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण वन्सं आणि पंपवाले चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वन्संच्या ओल्या कपड्यांचं पाणी त्यांनी खोलून ठेवलेल्या पंपाच्या मोटारीवर ठिबकलं, त्यांनी गच्चीला कुलूप लावलं, आणि तेव्हापासून अबोला. भाडं पाकिटात घालून कडीला अडकवायचं, पावती त्याच पाकिटातून परत यायची.

"मी जाऊन बोलते," मी म्हटलं.

"खबरदार! त्या माणसापुढे माझ्यासाठी शब्द टाकलास तर बघ."

"मग पैसे सोडून द्या."

"त्याच्या घशात? त्यापेक्षा जाळीन मी ती वीज."

आणि खरंच जाळायला घेतली. एक तारखेला वीस दिवस होते. दिवसाढवळ्या दिवा, पंखा सगळ्यात जोरात, आणि गल्लीला आवतण: "या गं, इस्त्रीचे कपडे घेऊन या. तुमची वीज कशाला घालवता?" बायकांना काय, आनंदच. शिवणक्लासवाली बाई गणवेशांचा गठ्ठा घेऊन आली, दवाखान्यातली नर्स तिचे पांढरे कोट घेऊन आली. बायकांनी आणलेल्या धरून तीन इस्त्र्या एका वेळी. जी बाई बावीस वर्षं कोणाला चहाला थांबू द्यायची नाही, तिच्या खोलीत बसायला जागा नव्हती! मी गेले की मला गादीच्या टोकावर अंग चोरून बसावं लागायचं.

ह्यांनी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. "ताई, ह्या वेगाने तुझे सात महिने उरतात. वीस दिवसांत संपवायचे तर तुला लोखंड वितळवायला लागेल."

"मिळते का कुठे भट्टी भाड्याने?" वन्सं म्हणाल्या. अजिबात न हसता.

एक तारखेला सहा दिवस उरले असताना दुपारी दार वाजलं. मी उघडलं तर पंपवाले. हाताला ग्रीस, कपाळावर घाम. आत बायका, वाफ आणि कपड्यांचे ढीग. त्यांनी वन्संकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहून बोलले.

"ह्यांना सांगा, खाली मीटर भिंगरीसारखं फिरतंय. वायरिंग माझ्या वडिलांच्या वेळची आहे. भिंत गरम लागतेय हाताला."

वन्संनी सुईवरून मान वर केली नाही. "त्यांना सांग, पैसे भरलेत मी."

"ह्यांना सांगा, पैसे नाही विचारत. आग लागली तर ह्या गुडघ्याने उतरणार कशा?"

नर्सने हळूच जाऊन तिन्ही बटणं बंद केली. मी देवाचं नाव घेतलं आणि वन्संनी घातलेली बंदी मोडली. सगळं सांगितलं: खोली, डॉक्टरांचं म्हणणं, बारा महिन्यांचं बिल, एक तारीख. वन्सं माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांना भर रस्त्यात विकलं.

पंपवाले उंबऱ्यातच खाली बसले. मग पहिल्यांदा थेट वन्संना म्हणाले, "पंचवीस वाचवायला बारा महिन्यांचे भरलेत? ताई, हे डोकं पंपात वापरलं असतं तर मी कुठल्या कुठे पोचलो असतो."

"चेष्टा करायला तीन जिने चढलात?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगायला तोंड ठेवलंत का?"

"नाही ठेवलं," ते म्हणाले. एवढंच. वन्संची सुई थांबली.

मग त्यांनी रुमालाला हात पुसत सरळ सांगितलं. पैसे बुडवायचे नाहीत, पण आत्ता हातात नाहीत. परवाच यंत्र घेतलं, त्यात सगळे गेले. कचेरीकडून परत यायला अर्ज, त्याला दोन महिने, आणि आले की ते नेमके त्यांच्या बँकेच्या हप्त्यात कापून जाणार. "नवा भाडेकरू ह्याच मीटरवर वीज वापरेल. त्याच्याकडून दर महिन्याला बिलाचे येतील ते तुमचे. विश्वास असेल तर."

सगळ्या बायका वन्संकडे बघायला लागल्या. मीसुद्धा. वन्संनी धागा दाताने तोडला, कोटाची घडी घातली. बराच वेळ लावून घातली.

"पाकीट नको," त्या म्हणाल्या. "फोनवर नको, कार्डावर नको. रोख. आणि मी घ्यायला येणार नाही, गुडघा बघताय ना."

"मीच आणून देईन."

"इस्त्र्यांचे जेवढे जळाले तेवढे कापून घ्या. ते माझे."

"ते गल्लीचे," शिवणक्लासवाली म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "बघत काय उभी राहिलीस? टेम्पो सांग."

एक तारखेच्या आदल्या दिवशी सामान हललं. वन्संचं जुनं पायाचं शिवणमशीन पंपवाल्यांनी आणि ह्यांनी मिळून उतरवलं, आणि पूर्ण तीन जिने वन्सं वरून ओरडत होत्या, "पायाकडून धरा! अहो, पंप नाही तो!" मी उशा घेऊन मागून येत होते. मनातल्या मनात देवाला म्हटलं, पोचलं बरं का.

महिना झाला आणि पंपवाले खरंच आले, धुतलेला शर्ट घालून. एकशे ऐंशी मोजून वन्संच्या हातावर ठेवले. मी चहा टाकला. वन्संनी विचारलं, "बसने आलात? किती लागले?"

"जाऊन येऊन तीस."

"आणि बँकेतून पाठवले असते तर शुल्क किती?"

"पंचवीस."

"म्हणजे पाचाला बुडालात."

"बुडालो," ते म्हणाले आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून घेतली. "साखर जरा जास्त टाका, वहिनी."