बाईंनी वाटून दिलेली नदी

भूगोलाच्या बाईंना युद्धाचा मनापासून कंटाळा होता. "मारणं-मरणं तुमचं तुम्ही बघा, मला त्यात ओढू नका," असं त्या पहिल्याच महिन्यात सांगून मोकळ्या झाल्या होत्या. आणि तरीही पुढची कित्येक वर्षं आमच्या झाडून साऱ्या लढाया झाल्या त्या बाईंनी स्वतःच्या हातांनी केलेल्या जमिनीवर.

आमचा खेळ लोकांना समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो, तरी एकदा सांगतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक असतात. ते रंगवायचे, टेबलावर दोन बाजूंना मांडायचे, मोजपट्टीनं अंतर मोजत पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. केतन, गणेश, मुश्ताक आणि मी, अशी चार कमावती मोठी माणसं रविवारी हे करतात यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. सैनिक परदेशातून यायचे आणि महाग असायचे. सगळा खर्च त्यांच्यावरच व्हायचा, त्यामुळे ते उभे करायला जमीन मात्र आमच्याकडे नव्हती.

जागाही नव्हती. सदाशिव पेठेत बाईंच्या फ्लॅटची पुढची खोली आठवडाभर एका क्लासला दिलेली असे आणि रविवारी ती रिकामी राही. ती आम्ही घेतली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. पहिल्या रविवारी त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही निळी ओढणी कसली?"

"नदी आहे," केतन म्हणाला.

"आणि हे पुस्तकांचे ढीग?"

"डोंगर."

"म्हणजे तुमची नदी डोंगर चढून पलीकडे उतरते. छान. तिला दम लागत नाही?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "शाळेतल्या मुलानं असा नकाशा काढला असता तर मी पालकांना बोलावलं असतं. पाणी वर चढत नाही. एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी तुमचं अर्धं आयुष्य नीट जाईल."

पुढच्या रविवारी टेबलावर एक डोंगर होता. फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल कापून, त्यावर कागदाचा लगदा थापून, मातकट रंग देऊन केलेला. चढ एका बाजूला सौम्य आणि दुसऱ्या बाजूला सरळ कडा, अगदी आपल्या सह्याद्रीसारखा. "दिवाळीत किल्ला करायचात ना लहानपणी? मग ती अक्कल मध्येच कुठे सांडली?" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

तिथून त्यांना नादच लागला. जमिनीसाठी काही विकत आणायचं नाही, हा त्यांचा नियम. "जमीन विकत घ्यायची नसते, करायची असते," असं त्या म्हणत. यावर गणेश मान खाली घालून हसायचा. त्याच्या घरची वाघोलीतली शेती केव्हाच इमारतींखाली गेली होती आणि जमिनीची खरेदी-विक्री म्हणजे काय ते आमच्यात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. बाई बुधवार पेठेत टीव्ही-फ्रिजच्या दुकानांबाहेर उभ्या राहून थर्मोकोलचे तुकडे मागून आणत. मुश्ताकच्या घरचं रिक्षा-स्कूटरच्या सीटा शिवायचं जुनं दुकान होतं, तिथून फोमची कात्रणं यायची. सुताराकडचा भुस्सा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत व्हायचं. जुन्या घोसाळ्याची जाळी म्हणजे झुडपं. नेत्यांचे वाढदिवस उलटले की फ्लेक्स उतरवणाऱ्यांना गाठून बाई ते घेऊन यायच्या आणि चौकोन कापून जमिनीच्या तुकड्यांच्या तळाला चिकटवायच्या. असे आठ तुकडे कडेला कड लावून जोडले की आमचं मैदान व्हायचं. आमचं मैदान उलटं केलं की खालून कुठल्या तरी भाऊंचे जोडलेले हात आणि अर्धी मिशी दिसायची. "राहू दे. कुठं तरी जमिनीवर आहेत," बाई म्हणायच्या.

फजितीही पुष्कळ झाली. वाळवलेली चहाची पावडर गोंदावर भुरभुरली की अस्सल काळी माती दिसते, असं केतननं इंटरनेटवर पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या टपरीवरून त्यानं पिशवीभर चोथा आणला, गच्चीत वाळवला, आणि बाईंनी तो नदीकाठच्या सगळ्या शेतांवर पसरला. परदेशातले लोक आपल्या टपरीसारखी पावडरीबरोबर साखर उकळत नाहीत, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पुढच्या रविवारी लढाई ऐन रंगात असताना भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरली, टेबलाचा पाय चढली आणि केतनच्या घोडदळाच्या पायांखालची माती पळवू लागली. बाई चष्मा कपाळावर ढकलून ते बघत बसल्या. "चला. आज शिस्तीचं सैन्य आलं," त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी ती सगळी शेतं खरवडून काढली आणि स्वतःच्या घरी बिनसाखरेचा चहा सुरू केला. मातीसाठी. आम्हालाही तोच प्यावा लागला.

दुसरा घोटाळाही केतनचाच. बाई आत असताना त्यानं घाईघाईत एका डोंगरावर फवाऱ्याचा रंग मारला. त्या रंगानं थर्मोकोल विरघळतं. बघता बघता डोंगराचा माथा आत बसला आणि तिथं एक गोल, खोल, घाणेरडा खड्डा तयार झाला. बाई बाहेर आल्या. त्या रागावल्या की 'अहो' म्हणायच्या, एरवी आम्ही सगळे 'अरे' होतो. "अहो केतनराव," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे खाली बघू लागलो. त्यांनी खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं, वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "लोणार. असलं दख्खनच्या पठारावर एकच आहे. राहू दे." संध्याकाळपर्यंत त्यात हिरवट पाणी चमकत होतं.

त्या हे सगळं का करतात, असं मी एकदा विचारलं. खेळात तर त्यांना काडीचा रस नव्हता, कोण जिंकलं हेसुद्धा त्या कधी विचारत नसत. त्या कात्रीनं घोसाळ्याची झुडपं सारखी करत होत्या. "सगळी नोकरी मी फळ्यावर डोंगर काढले," त्या म्हणाल्या. "मुलांनी ते वहीत उतरवले, पाठ केले, पेपरात लिहिले. एकानंही त्यावर कधी हात फिरवला नाही. फिरवणार कुठून, खडूचे डोंगर ते. तुम्ही इथं आल्याबरोबर पहिल्यांदा डोंगरावर हात ठेवता. सैनिक नंतर काढता. तुमच्या लक्षात नाही आलं ते." खरंच आलं नव्हतं. त्यानंतर मी पाहत राहिलो, आणि दर रविवारी चौघंही तेच करत होतो.

वर्षं अशीच गेली. मी वाघोलीला राहायला गेलो. नगर रस्त्यावरून रविवारीसुद्धा पेठेत पोचेपर्यंत जीव नकोसा व्हायचा. केतनला हिंजवडीची नोकरी, मूल, रात्रीचे फोन. मुश्ताकनं दुकान अंगावर घेतलं. दर आठवड्याचा खेळ महिन्यावर गेला आणि महिन्याचाही चुकू लागला. आम्ही भांडलो नाही, दुरावलो नाही, नुसते दमलो. एखाद्या रविवारी एकटाच कुणीतरी येऊन बसायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि निघून जायचा. मैदान मात्र मांडलेलंच असायचं. क्लासची पोरं येण्याआधी बाई ते उचलायच्या आणि शनिवारी पुन्हा लावायच्या, गुडघ्यांची कुरकुर ऐकत.

मग त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली. फ्लॅट रिकामा करायचा होता, आणि नवी इमारत होईपर्यंत बाई सांगलीला भाचीकडे राहणार होत्या. सामान फारसं नव्हतं. त्यांना घोर होता तो मैदानाचा. चौघांनाही बोलावून घेऊन त्यांनी सरळ विचारलं, "हे कोण नेणार?"

माझ्या घरी कपाटाचं दार उघडायचं तर आधी पलंगावर चढावं लागतं. मुश्ताककडे तीन भावांचे संसार एका छपराखाली. केतननं बायकोला विचारतो असं म्हटलं, आणि ते उत्तर काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. गणेश म्हणाला, "बाई, आमच्याकडं आता स्लॅबखाली नाय अशी जागाच ऱ्हायली नाय."

"बरं," बाई म्हणाल्या. "मोठी जमीन कुणालाच झेपत नाही. मग वाटणी करू." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

निघायच्या आदल्या रविवारी तुकडे सुतळीनं बांधून तयार होते, प्रत्येकाला दोन-दोन. लोणारचा तुकडा केतनला. "ज्याचं पाप त्याच्या पदरात," बाई म्हणाल्या. आम्ही बांधलेले गठ्ठे तसेच उचलले. गणेशनं मात्र सुतळी सोडली. वाटण्या बघून बघून डोळा तयार झालेला माणूस. त्यानं आपले दोन तुकडे शेजारी ठेवले, मग माझेही सोडून पाहिले.

"बाई, वाटणीत गडबड हाय. लागून असलेलं तुकडं एकाला द्यायचं सोडून तुम्ही सगळं उलटंपालटं केलंय. ह्यात कुणाचीच नदी कुठं जात नाय."

"जात नाही," बाई म्हणाल्या. "चौघं एकत्र आलात तर जाईल. तक्रार असली तर तलाठ्याकडे जा."

माझे तुकडे कपाटाच्या वर गेले. एकावर नदी एका कडेनं येते आणि दुसऱ्या कडेला तुटते. झाडलोट करताना बायको अधूनमधून विचारायची, "हे टाकून द्यायचं का?" मी म्हणायचो, राहू दे. बाईंचा सांगलीहून फोन यायचा. तब्येत, पाऊसपाणी काही नाही. एकच प्रश्न. "नदी वाहते का?"

"बाई, पुढच्या महिन्यात भेटतोय. नक्की."

"असं का? म्हणजे तुमच्याकडे अजून उन्हाळाच आहे." आणि फोन बंद. मुश्ताकलाही हेच, गणेशलाही हेच. आम्ही एकमेकांना ते सांगायचो, हसायचो, तारखा काढायचो. कुणाची तरी मीटिंग निघायची, कुणाच्या तरी घरी लग्न. पेठेतल्या त्या जागी नुसता खड्डा होता आणि भोवती पत्रे.

मग एके दिवशी फोन आला तो भाचीचा. बाई दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. भाचीनं मुश्ताकला कळवलं, मुश्ताकनं आम्हाला. त्या वेळी कुणी तारीख काढली नाही. येत्या रविवारी, एवढंच ठरलं, आणि चौघंही आलो.

वाघोलीत गणेशच्या इमारतीखाली त्याचा एक दुकानाचा गाळा भाडेकरूविना पडून होता. तिथं फरशीवर आम्ही तुकडे मांडायला बसलो. गुडघे आता आमचेही कुरकुरत होते. मुश्ताकचा डोंगर तसाच होता. माझ्या शेतांवर धूळ बसली होती. केतनचे तुकडे गॅलरीत राहिल्यानं रंग उडून पांढरे पडले होते आणि लोणारच्या पाण्यात त्याच्या मुलानं एक प्लॅस्टिकची गाडी चिकटवून ठेवली होती. ती कुणी काढली नाही. केतननं तो तुकडा आपल्या जागी सरकवला, कडेला कड लागली, तरी काहीतरी चुकत होतं. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो.

"केतन," गणेश हळूच म्हणाला, "पानी चढाला लावलंस की."

केतननं तुकडा उचलला, फिरवला आणि परत ठेवला. नदी मुश्ताकच्या कड्याखालून निघाली, गणेशच्या गवतातून आली, लोणारला वळसा घालून माझ्या शेतांपर्यंत उतरली आणि पुढे निघून गेली. कुठेही तुटली नाही. मुश्ताकनं सवयीनं खिशातून फोन काढला आणि फोटो घेतला. मग तो पाठवायला सांगलीत आता कुणी नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं फोन पुन्हा खिशात ठेवला.

सैनिक कुणीच आणले नव्हते. गणेशनं डोंगरावर हात ठेवला आणि कडेपर्यंत सावकाश फिरवला.

"उन्हाळा सरला, बाई," तो म्हणाला.