साठ लाकडं आणि तुरीची डाळ

मागच्या उन्हाळ्यात आम्हाला चौथ्या दिवशी तळ सोडावा लागला, आणि तो माझ्यामुळे.

जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनपासून गाडीने सव्वा तासावर, आल्बच्या पठारावर एक कुरण आहे. तिथे दर उन्हाळ्यात एका फेराइनची, म्हणजे हौशी मंडळाची, कुटुंबं दहा दिवस जुन्या काळच्या अमेरिकेतल्या वसाहतकऱ्यांसारखी राहतात. कापडी तंबू, लाकडांची चूल, झऱ्याचं पाणी. वीज नाही, फोन नाही. इथे हौससुद्धा नियमावलीनिशी चालते. त्यातला सातवा नियम असा, की मुदतीआधी जो आपल्या गाडीपाशी गेला त्याचं कुटुंब बाद. मी गेलो होतो. कारखान्यातली आमची लाइन बंद पडली असेल, अशी मला धास्ती वाटली म्हणून फोन बघायला गेलो. लाइन चालू होती.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांची त्या कुरणावर कायमची जागा आहे, आणि शेजारची जागा आपल्याला मिळावी एवढीच तिची मागणी होती. दहा दिवस पुरे करणाऱ्यालाच जागा मिळते, आणि संधी दोनदाच. एरवी माझ्याशी निदान निम्मं मराठी बोलणारी मुलगी पुढे सगळा हिवाळा जर्मनमध्येच उत्तरं देत राहिली. ते मला लागलं.

म्हणून या वर्षी मी नीट तयारी केली. प्रत्येक कुटुंबाला दहा दिवसांसाठी फोडलेली साठ लाकडं मिळतात. जंगलातली काटकी उचलायची नाही, दुसऱ्याचं लाकूड उसनं घ्यायचं नाही. म्हणजे रोज सहा. आणलेल्या शिध्याची यादी पहिल्या दिवशी द्यायची, नंतर भर घालता येत नाही. कडधान्यं आणि डाळी चालतात हे मी पत्र लिहून विचारून घेतलं होतं. आमच्या यादीत चार किलो तुरीची डाळ, पाच किलो तांदूळ, ज्वारीचं पीठ, बटाटे, कांदे, तेल, मीठ, मसाला. कपडे बायकोने शिवले. फोन मी घरीच ठेवला.

पहिल्या दिवशी डाळीला अकरा लाकडं लागली, आणि तरी ती दाताखाली कचकचत होती. दुसऱ्या दिवशी रात्रभर भिजवून घातली, तर दहा. तिसऱ्या दिवशी भांड्यावर जड झाकण ठेवलं, वाऱ्याच्या बाजूला दगड रचले, तर नऊ. डाळ होती तशीच. तिसऱ्या संध्याकाळी मी उरलेली लाकडं दोनदा मोजली. तीस. दिवस उरले होते सात.

“कुकर गाडीत आहे,” बायको म्हणाली. परतीच्या वाटेवर तिच्या बहिणीकडे जायचं होतं, म्हणून तो डिकीत होता.

“ममा, नाइन,” म्हणजे नाही, मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. मग माझ्याकडे बघून, चक्क मराठीत, “बाबा, तू गाडीकडे जाणार नाहीस.”

“नाही जाणार.”

“मागच्या वर्षीही तू असंच म्हणाला होतास.”

मी गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती स्कर्टच्या खिशात टाकली आणि वरून सेफ्टीपिन लावली.

बायको मघापासून भांड्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होती. बोटाला पांढरं लागलं. “अहो, लाकडांचा दोष नाही. पाण्याचा आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायचीच नाही. आई डाळीपुरतं पाणी नदीवरून आणायची.”

आल्बचं पठार सगळं चुनखडीचं. घरी दर तीन आठवड्यांनी केटलमधला चुन्याचा थर मी व्हिनेगरने काढतो, कॅलेंडरवर खूण करतो. आणि इथे येताना वाऱ्याचा, लाकडांचा, वजनाचा विचार केला, पाण्याचा केला नाही. खायचा सोडाही यादीत नव्हता.

चौथ्या दिवशी तीन लाकडांत भाकरी आणि भाजलेले बटाटे केले. पाचव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. बायकोने तंबूवरचं जास्तीचं कापड सोडून चार दांड्यांना उतरतं बांधलं, खाली लाकडी टब ठेवला. पहिलं पाणी तिने ओतून दिलं. मी टोपी घातली.

“कुठे निघालास?” मुलगी म्हणाली.

“पावसाचं पाणी वापरलेलं चालतं का, विचारून येतो.”

“बाबा, प्लीज. नियमांत नाहीये ते. विचारू नकोस ना.”

“नियमांत नाही म्हणूनच विचारायचं.”

ती रडकुंडीला आली होती. बायको टबावरून न उठता म्हणाली, “विचारा हो, खुशाल विचारा. पण आधी टब भरू द्या.”

टब भरल्यावर मी गेलो. तळप्रमुख म्हणजे एक निवृत्त सुतार, सत्तरीचे, मितभाषी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, लाकडांच्या आकड्यांसकट. मग आपल्या तंबूमागे नेलं. तिथे एक पिंप होतं, वरून कापडाची पन्हळ सोडलेली.

“मसूर,” ते म्हणाले. “या झऱ्याच्या पाण्यात कुठे शिजतायत.”

“मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?”

“तुम्ही बाकी सगळं विचारलंत. हे विचारलं नाहीत.”

त्या संध्याकाळी डाळ चार लाकडांत शिजली. बायकोने पळीने घोटली तर एकजीव झाली. मुलीने तीनदा वाढून घेतली. पुढचे पाच दिवस आम्ही टबातलं पाणी फक्त डाळीला वापरलं आणि रोज चार लाकडं जाळली. आठव्या दिवशी मला ताप होता. बायकोने जाड रजई दिली आणि गाडीचा विषय काढला नाही. किल्ली मीही मागितली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी तळप्रमुख दोर आणि चार खुंट्या घेऊन आले. जागा दहा पावलं बाय आठ. त्यांनी मापली, खुंट्या ठोकल्या. मी कडेने चालून बघितलं आणि म्हणालो, पूर्वेकडची बाजू अर्धं पाऊल कमी आहे.

“पाइनलिश,” मुलगी पुटपुटली. म्हणजे बापाची लाज वाटते.

त्यांनी पुन्हा दोर लावला. अर्धं पाऊल कमीच होतं. त्यांनी खुंटी उपसली आणि मुलीपुढे धरली. तिने माझ्याकडे रागाने बघितलं, अर्धं पाऊल सरकून खुंटी टेकवली, आणि मोगरी घेऊन ती पक्की बसेपर्यंत ठोकत राहिली.