कोंडीरामची बायजाक्का

काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या कोंडीराम घाडीला कोंडीराम म्हणायचा तो फक्त मिलमधला हजेरीचा कारकून. बाकी सगळी वस्ती त्याला बायजाक्का म्हणे, आणि ते त्याला आवडत असे.

पंचावन्न साली रात्रशाळेच्या चिंतामणी मास्तरांनी मिलमधल्या सहाजणांना घेऊन ‘पेडणेकरांची खोली’ नावाचा विनोदी खेळ सुरू केला. खोली तीच, घरातली माणसं तीच, म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून. दर खेळाला गोष्ट नवी आणि दारात पाहुणा नवा. कधी विम्याचा एजंट, कधी गावाहून आलेला भटजी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना भाषणांआधी हा खेळ होई, आणि लोक लवकर येऊन जागा धरत ते पेडणेकरांच्या म्हातारीसाठी, बायजाक्कासाठी. दिवसभर मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभा राहणारा कोंडीराम नऊवारीचा पदर खोचून आला की तोंड उघडायच्या आधीच हशा पिके. पाहुण्यांची कामं करायला येणाऱ्यांशी तो फार गोड वागे. पाहुणा एका खेळापुरताच असायचा ना.

अठ्ठावन्न साली कालिंदी आली. दादरला एका शाळेत शिवण शिकवायची, नाटकांतून बारीकसारीक कामं केलेली. मास्तरांनी तिला बायजाक्काच्या गावाकडच्या बहिणीचं काम दिलं. परळच्या सभेत ती ट्रंक घेऊन आत आली. ट्रंक ठेवायला जागा शोधत खोलीभर फिरली आणि शेवटी मांडीवर घेऊन बसली, ती प्रवेश संपेपर्यंत. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. कोंडीरामने त्याचं ठेवणीतलं वाक्य टाकलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. ट्रंकेचं हसू अजून चाललं होतं.

त्या दिवशी तो ताटावरून अर्धवट उठला. बाईमाणूस स्टेजवर आलं की लोक हसणारच, त्यात कसली कला, असं त्याने बायकोला, सुभद्राला ऐकवलं. ती म्हणाली, ट्रंकेला तर मी पण हसले. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

लोकांनी ती बहीण पुन्हा मागितली. दुसऱ्या खेळाला मागितली, तिसऱ्याला मागितली. चौथा खेळ लालबागला होता. ‘दारात कोण गं?’ असं बायजाक्काने विचारलं की कालिंदीने आत यायचं, असं ठरलेलं. कोंडीरामने ते वाक्य गिळलं. सरळ सुनेच्या भांडणावर गेला आणि खेळ संपवून टाकला. कालिंदी पडद्यामागे ट्रंक धरून उभीच राहिली. मास्तरांनी त्याला झापलं. विसरलो, म्हणाला. तीन वर्षांत त्याची एक मात्राही चुकली नव्हती.

कालिंदी आवाज न चढवता एवढंच बोलली, “दादा, मला आत घ्यायचं नव्हतं तर आधी सांगायचंत. मी आलेच नसते.”

तो लुगड्याच्या निऱ्या सोडायला लागला.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी ठरवलं, बायजाक्का कालिंदी करील, कोंडीरामने म्हातारा करायचा. आता सभांना बायकाही भरपूर येतात, पुरुषाने लुगडं नेसणं किती दिवस चालवायचं, असं त्यांचं म्हणणं. खेळच सोडतो म्हणून कोंडीराम तरातरा निघून गेला. दोन दिवसांनी कुणी बोलवायला आलं नाही तेव्हा आपल्या पायांनी परत आला.

कालिंदी त्याच्याकडे शिकायला आमच्या चाळीत येऊ लागली. त्याने तिला चाल शिकवली, कमरेवर हात ठेवून कण्हत बसणं शिकवलं, तपकिरीची चिमूट शिकवली. एक गोष्ट मात्र ठेवून घेतली. सुनेला उत्तर देण्याआधी तो मनात तीन आकडे मोजायचा. सगळा हशा त्या थांबण्यात होता. तिला वाक्यं दिली, थांबणं दिलं नाही.

पहिल्या खेळाला तिने उत्तर ताडकन दिलं. सभा गप्प. म्हाताऱ्याच्या वेषात बाजेवर बसलेल्या कोंडीरामला आतून गार वाटलं. दुसऱ्या उत्तरालाही तेच. तिसऱ्या वेळी तिने अर्धंच वाक्य टाकलं, वाकळेची घडी घालायला लागली, घडी मनासारखी झाल्यावर उरलेलं अर्धं बोलली. सभा फुटली. आणि कोंडीराम, प्रेक्षकांकडे पाठ करून, हसला. त्याला आवरेना. हे त्याने शिकवलेलं नव्हतं.

घरी सुभद्राने विचारलं, “खेळ कसो झालो?”

“बरो झालो,” म्हणाला, आणि तोंड धुवायला नळावर गेला.

महाराष्ट्र झाला, सभा थांबल्या, दोनेक वर्षांत खेळही बंद पडला. तोवर तो म्हाताराच करत होता. वस्ती कालिंदीला बायजाक्का म्हणू लागली होती. ती पुढे लग्न करून माटुंग्याला गेली. तीन आकड्यांची गोष्ट त्यानेच मला सांगितली, मिलमधून निवृत्त झाल्यावर, गॅलरीत बसून. तिला कधी सांगितलंत का, असं मी विचारलं.

“तिने विचारलं नाही,” तो म्हणाला. “आणि तिला त्याची गरजही लागली नाही रे.”