भावाच्या नावावर दिलेलं रक्त

इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या बाईला रक्ताची भीती वाटून कसं चालेल? वहिनीला तर कशाचीच वाटत नसे. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणे, अगदी तिच्याहून मोठ्या बायासुद्धा. चादरींचे गठ्ठे सोडायचे, डागाळलेल्या वेगळ्या काढायच्या, गार पाण्यात बुडवायच्या, आणि हात चालू असतानाच कालच्या भांडणाचा उरलेला भाग शेजारणीला ऐकवायचा, असा तिचा दिवस. मुकादम तिला वचकून असायचा. झुरळ दिसलं तर चप्पल शोधत बसायची नाही, हातानंच चिरडायची. अशा बाईला स्वतःच्याच घरात पाऊल टाकताना धडकी भरू लागली, त्याची ही गोष्ट.

घर दोन खोल्यांचं. नवरा, म्हणजे दादा, बर्फाच्या कारखान्यात कामाला. धाकटा दीर राजा, तोही तिथंच. आणि वहिनीची लेक चिमी, शाळकरी पोर. सासू-सासरे कधीच गेलेले. राजाला आधी दादानं वाढवलं, लग्नानंतर वहिनीनंही. लाडात वाढवलं म्हणा, नाहीतर डोक्यावर बसवून ठेवलं म्हणा, अर्थ एकच. शाळेत मारामारी राजानं करायची आणि मास्तरांचे पाय दादानं धरायचे. कारखान्यात राजाला यायला उशीर झाला की दादा हजेरीची दोन्ही कार्डं यंत्रात घालायचा. पुढं पुढं तर राजाची अख्खी पाळीच दादा करून टाकायचा. मिठाच्या पाण्यातले डबे वर ओढायचे, आकड्यानं लादी खेचायची, भुशात लोटायची. ते एकानं केलं काय नि दुसऱ्यानं केलं काय, साहेबाला लादीशी मतलब. शिवाय दोघांचे चेहरे इतके सारखे की लांबून कुणीही फसावं. "हे दोघं मिळून एक माणूस आहे," असं सगळे चेष्टेनं म्हणायचे, आणि दादाला त्याचा कोण अभिमान!

मग टेलिफोन ऑफिसातली, फोन जोडून देणारी एक मुलगी गेली. गेली कसली, मारली तिला. कालव्याच्या रस्त्यावर पुलाखाली सापडली. गळा आवळला होता. वहिनीनं तिला पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखीचा. इस्पितळात मेट्रनबाईंच्या टेबलावरून फोन लावला की तोच आवाज यायचा, "जरा थांबा हं, ताई." तो आवाज आता कधीच येणार नव्हता. बायका घोळक्यानं कामावर जाऊ लागल्या. पोरींना एकटं सोडायची कुणाची छाती होईना. "चिमीला मी सोडत जाईन," राजा म्हणाला, आणि तिला रोज सायकलवर बसवून शाळेत नेऊ लागला. वहिनीला हायसं वाटलं. हायसं! आठवलं की अजूनही तिच्या अंगावर काटा येतो.

कितीतरी दिवस पोलिसांच्या हाताला काही लागेना. मग फौजदारांनी जाहीर केलं की पोरगी झटापट करून मेली आहे, तिच्या बाहीवर मारणाऱ्याचं रक्त पडलं आहे, आणि मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत एक नवीनच तपासणी निघाली आहे. म्हणे प्रत्येकाच्या रक्तात त्याची स्वतःची खूण असते. वयात आलेल्यापासून चाळिशीपर्यंतच्या झाडून सगळ्या पुरुषांनी शाळेत येऊन रक्त द्यायचं. लोक आधी हसले. नंतर हसायचे थांबले, कारण जो जाणार नाही त्याच्याकडे सगळे बघणार, हे प्रत्येकाला कळलं.

राजा घामाघूम झाला. "दादा, मला सुई बघवत नाही रे. तुला ठाऊक आहे ना? मी तिथं चक्कर येऊन पडलो तर लोक काय म्हणतील? तू जाऊन ये की माझ्या नावावर."

दादानं चाळिशी ओलांडली होती, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. पण अंगानं सडसडीत, केस काळेभोर. शाळेत गेला, भावाचं नाव सांगितलं, बाही वर केली. हवालदारानं मान वर करूनही पाहिलं नाही. कोपराशी कापूस दाबून दादा हसत हसत घरी आला, आणि वहिनीही हसली. "उद्या भाऊजींच्या लग्नालाही तुम्हीच उभे राहा म्हणजे झालं!" म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. कार्ड घालण्यातला प्रकार, दुसरं काय?

पुढं एके दिवशी कारखान्यात आकडा निसटून राजाचा अंगठा फाटला. बर्फाच्या कारखान्यात ज्याच्या हाताला जखम नाही असा माणूस शोधून दाखवा, त्यामुळं कुणी बोभाटा केला नाही. इस्पितळात जाऊन तो टाके घालून आला. दुसऱ्या दिवशी मळक्या चादरी टाकायला आलेली नर्स वहिनीला म्हणाली, "तुमचा दीर भलताच धीराचा हो! दोन इंजेक्शनं दिली, टाके घातले, पण हूं नाही की चूं नाही. सुई कुठं जाते ते वाकून बघत होता, आणि वर आमची थट्टा!"

वहिनीच्या हातातली चादर हातातच राहिली. सुई बघत होता. वाकून. मग ते घाम फुटणं, ते दादाला गळ घालणं, ते काय होतं? मुकादमाला न सांगताच ती घराकडे निघाली, चालता चालता पळायला लागली.

दार लोटलेलं होतं. चिमी जमिनीवर बसली होती आणि राजा तिच्या पाठीमागं बसून तिच्या रिबिनीची गाठ सोडवत होता. त्याची बोटं पोरीच्या मानेवर होती.

"आज लवकर आलात, वहिनी?" तो नेहमीसारखाच हसून म्हणाला.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली. "चिमे, इकडे ये. माझ्याजवळ ये आधी."

तेव्हापासून चिमीला शाळेत ती स्वतः सोडू लागली. मुकादमाची बोलणी खाल्ली. निजताना आतल्या खोलीला कडी घालायची, वर दाराला पाण्याचं पिंप लावून ठेवायची. पलीकडे राजा खोकला तरी तिला दरदरून घाम सुटायचा. त्याला जेवायला वाढताना ती ताट लांबूनच सरकवायची, आणि त्याला ते दिसत होतं. तो नुसता बघत राहायचा. त्या बघण्यानं तिचा जीव अर्धा व्हायचा.

शेवटी तिनं दादाच्या कानावर घातलं. तो इतका पांढरा पडला की तिला वाटलं, हा आता कोसळतो. मग म्हणाला, "तोंड सांभाळ. माझ्या हाताखाली वाढलाय तो."

"अहो, सुईला तो भीत नाही. मग तुम्हाला का पाठवलं?"

"आणि खोटं नाव कुणी सांगितलं? मी. तू बोललीस तर आधी मी आत जाईन. मग बस चादरी धूत, पोरीला घेऊन."

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर नवरा तुरुंगात, न बोलावं तर पोर त्या माणसाच्या शेजारी. वहिनी रोज ठरवायची, आज चौकीवर जायचंच. आणि रोज चौकीच्या कोपऱ्यावरून परत फिरायची. भित्री कुठली, असं स्वतःलाच शिव्या घालत.

मग एका सुटीच्या दिवशी, सगळे घरात असताना, फौजदारच दारात उभे राहिले. बरोबर हवालदार आणि प्रयोगशाळेतले एक चष्मेवाले.

"घाबरू नकोस," फौजदार राजाला म्हणाले. "तुझ्या नावाचं रक्त जुळलं नाही."

राजानं श्वास सोडला. तो सोडलेला श्वास वहिनीनं ऐकला.

"पण अगदीच वेगळंही नाही," चष्मेवाले म्हणाले. "आमच्या तपासणीत रक्ताच्या खुणा रेघांसारख्या दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मारणाऱ्याच्या निम्म्याशिम्म्या रेघा या रक्तात आहेत. इतक्या रेघा परक्या माणसाशी जुळत नाहीत. हे रक्त मारणाऱ्याच्या बापाचं, मुलाचं नाहीतर सख्ख्या भावाचं असणार."

"तुला भाऊ आहे?" फौजदारांनी विचारलं.

राजानं दादाकडं पाहिलं. आणि बोट दाखवलं.

"हा. हाच एक. ती पोरगी मेली त्या दिवशी हा घरी फार उशिरा आला होता, साहेब. मी कधी बोललो नाही. भाऊ आहे ना शेवटी."

उशिरा आला होता, खरंच. राजाची पाळी करून आला होता! कारखान्यात दोन्ही कार्डं त्यानंच घातली होती. वहिनी नवऱ्याकडं बघत राहिली. आता तरी बोलेल. आता तरी तोंड उघडेल हा माणूस. दादाचे ओठ हलले. मग त्यानं सावकाश बाही वर सारली आणि हात फौजदारांपुढं धरला. "घ्या," म्हणाला.

वहिनीच्या डोक्यात काहीतरी तुटलं. "शाळेतलं रक्त ह्यांचंच आहे!" ती किंचाळली. "ह्यांनी दिलंय, भावाच्या नावावर! त्यानं सुईचं नाटक केलं, साहेब! ह्याचं घ्या रक्त, ह्या राजाचं घ्या!"

"वहिनी!" राजा ओरडला. तसला आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो दाराकडे झेपावला, पण दारात हवालदार होता. चिमी भिंतीला चिकटून थरथरत होती.

राजाचं रक्त घेतलं. या वेळी त्याचं स्वतःचं. खोट्या नावाबद्दल दादाचीही जबानी लिहून घेतली, त्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवणार होतं. निकाल आला तेव्हा दादा आणि वहिनी चौकीतल्या बाकाजवळ होते. चष्मेवाले बाहेर आले. सगळ्या रेघा जुळल्या होत्या, एकही सुटली नव्हती.

दादानं विचारलं, "साहेब, शाळेत माझ्याऐवजी कुणी परका गेला असता तर?"

"तर आम्हाला काहीच कळलं नसतं," ते म्हणाले. "तुमच्या भावाच्या नावावर फुली मारून आम्ही पुढं गेलो असतो."

ते निघून गेले. दादा बाकावर वाकून बसला. "मी गेलो म्हणून तो सापडला," तो पुटपुटला. "दुसऱ्या कुणाला धाडलं असतं तर..."

"तर तो आता घरी असता," वहिनी म्हणाली. "आणि चिमीही घरी आहे."

दादानं तोंड हातांत लपवलं आणि तो हुंदके देऊन रडू लागला. वहिनी त्याच्याजवळ बसली नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तू बोललीस म्हणून. नाहीतर मी हात पुढं केलाच होता."

"बघितलं मी," ती म्हणाली. "राजाची भीती गेली आता. तुमचीच वाटते."

आणि पदर सारखा करून ती लेकीकडे एकटीच निघाली.