उशीच्या रेषेतला हॉर्न

मंगळवारी सकाळी वडील गेले.

त्यानंतर आमच्या घाटंजीच्या घरी भेटीला येणारी माणसं बैठकीत बसत. त्यांच्या समोर वडिलांचा स्पीकर असे. गेलेल्या माणसाविषयी फार वेळ बोलणं कुणाला जमत नाही. स्पीकरविषयी सगळ्यांना जमलं.

प्लायवूडचा तो खोका वडिलांनीच बनवला होता. त्यात अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, मिडरेंज हॉर्न होता. म्हणजे दणका आणि किणकिण यांच्या मधला, माणसाचं बोलणं पुढे फेकणारा भोंगा. पडल्यापासून आई बैठकीतल्या खाटेवरच असते आणि तिला ऐकू कमी येतं. हॉर्न तिच्या उशीच्या रेषेत असला की शब्द कळतात. वर गेला की नुसता आवाज. ही जागा ठरवायला वडील कितीतरी दुपारी तिच्या उशीला डोकं टेकून बसले होते.

"काहून बाप्पा इतक्या खाली?" मामांनी विचारलं. आईचे हे धाकटे भाऊ दर गणपतीत मंडळाचा डीजे कुठे ठेवायचा ते सांगतात. ध्वनिशास्त्रात त्यांच्यापुढे कोण बोलणार?

"आईसाठी," मी म्हणालो.

"अरे, हॉर्न वरच राह्यते. लग्नातला डीजे पाह्यला नाही का कधी? भाऊजी भोळे होते."

सुतकाच्या घरी आलेल्याला नाही म्हणता येत नाही, ही आपल्याकडची मोठीच सोय आहे. मामांनी स्क्रू काढायला पेचकस मागितला. दोन शेजाऱ्यांनी खोका धरला. हॉर्न माथ्यावर चढला. सगळ्यांनी मागे सरून पाहिलं, आणि आवाज सुधारला यावर एकमत झालं. सुतकात काही वाजवायचं नसतं, म्हणून तो कुणी ऐकला नव्हता. तशी गरजही कुणाला वाटली नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी स्पीकरवर बातम्या लावल्या. आई छताकडे बघत राहिली.

"येऊन राह्यलं का ऐकू?"

"आवाज येऊन राह्यला. बोलून काय राह्यला, ते नाही समजत." मग म्हणाली, "माहा भाऊ लय हुशार. त्याले सांग, हॉर्न बरोबर लावला, आता बहिणीले उभी कर."

निरोप मी फोनवर जसाच्या तसा दिला.

"मंग खाट उंच कर ना बे!" मामा म्हणाले.

मी शिकलेला माणूस. खाट किती उंच करावी लागेल याचा क्षणभर विचारही केला. मग हॉर्न काढून खाली बसवायला गेलो. खालची भोकं मामांच्या पेचकसाने इतकी रुंदावली होती की स्क्रू धरेनात. अशा वेळी काय करायचं, ते मी वडिलांना विचारलं असतं.

वडील नाहीत. हॉर्न खाटेशेजारी स्टुलावर आहे. आईला बातम्या कळतात.