चाचांनी माझी तक्रार अरबीत सांगितली

आई-वडिलांचं ऋण मोजायचं नसतं. ते सोडलं, तर या जगात मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो रत्नागिरीकडच्या एका कॉन्ट्रॅक्टरचा. मी त्यांना चाचा म्हणतो.

वैजापूरला माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी दुकानात येईल त्याला पेढा दिला, नुसती हवा भरायला आलेल्यालाही. त्या पदवीच्या भरवशावर मी बहारीनला आलो आणि ज्या कंपनीत आलो ती दुसऱ्याच महिन्यात बंद पडली. मनामाच्या झिंज भागातल्या एका लहानशा दुकानात पाव घेता घेता मी फोनवर आईला सांगत होतो, "सगळं छान आहे." फोन ठेवल्यावर मागून कुणीतरी मराठीत विचारलं, "छान हाय, तर डोळे कशाला पुसतोस?"

ते चाचा. त्यांनी मला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथे त्यांचे गवंडी राहायचे, त्यांच्यात माझी एक गादी पडली. भाड्याचा विषय काढला की ते म्हणायचे, "आधी नोकरी लागू दे, मग माज कर." रोज सकाळी साइटवर जाताना पिकअपमध्ये मला पुढे बसवायचे आणि वाटेतल्या ओळखीच्या दुकानांत माझी पदवी दाखवायचे, जणू ती त्यांनीच मिळवली होती. शेवटी सिमेंट, ब्लॉक आणि टाइल्स विकणाऱ्या एका बहारिनी म्हाताऱ्या मालकाला ते म्हणाले, "याला हिशोबाला ठेवा. चुकला तर माझ्याकडून वसूल करा." त्या मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणतो. मी आजही तिथेच नोकरीला आहे. माझा व्हिसा, माझं लग्न, वडिलांच्या दुकानावरचा नवा पत्रा, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

चाचा आमच्याच दुकानातून माल उचलायचे. गेल्या वर्षी त्यांनी बुसैतीनला एका व्हिलाचं काम घेतलं. जिना मनासारखा झाला नाही म्हणून व्हिलाच्या मालकाने पैसे अडवले. हातात होतं त्यातून चाचांनी गवंड्यांचे पगार चुकते केले. आमची बिलं राहिली. आधी एका महिन्याची, मग पुढची, मग त्याच्या पुढची. मी फोन केला की "इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात." मग ते माल घ्यायला दुसऱ्याला पाठवू लागले. दुपारच्या चहाला दुकानात यायचे, तेही बंद झालं. मला बिलांपेक्षा त्या चहाचं जास्त वाटायचं.

अरबाबने पुष्कळ वाट पाहिली. मग एक दिवस मला बोलावून त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की कॉन्ट्रॅक्टरांच्या लायसन्सच्या ऑफिसात चाचांवर तक्रार घालायची.

"अरबाब, तो चांगला माणूस आहे," मी म्हणालो.

"मालूम आहे. पण सिमेंटवाल्या कंपनीला मी सांगू का, माझा गिऱ्हाईक चांगला माणूस आहे, म्हणून पैसे मफी, नाही मिळणार?"

दुकानातल्या सगळ्यांचे पगार त्याच पैशातून होत होते, माझाही. मी एवढंच म्हणालो की तक्रारीला माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवा.

"दुसरा जाईल तो भांडून येईल," अरबाब म्हणाला. "तू जा."

लायसन्स गोठवलं की नवं काम घेता येत नाही, माणसांचे व्हिसा पुढे सरकत नाहीत. आणि रद्द झालं तर चाचांचा स्वतःचा व्हिसाही संपणार होता. एका थापीपासून सुरुवात करून अर्ध्या आयुष्यात उभं केलेलं सगळं सोडून त्यांना गावी जावं लागलं असतं. आणि ती तक्रार करणार होतो मी.

जबानीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दुकानाचा अर्ज आधीच गेला होता, हजर राहायची नोटीस त्यांना मिळालीच होती. मी दारात चपला काढत काहीतरी पुटपुटलो, तर ते म्हणाले, "जेवलास काय?"

"नाही."

"मग आधी जेव. तक्रार उपाशीपोटी करू नये, आवाज निघत नाय." ताटात भात वाढत त्यांनी विचारलं, "उद्या जाणार कसा?"

"टॅक्सीने."

"येडा हायस काय? मी त्याच ऑफिसात चाललोय. सकाळी खाली उभा राहा."

अशा रीतीने तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार तो, दोघे एकाच पिकअपमधून गेलो. वाटेत ते मला फाइल नीट लावली का, दुकानाचा शिक्का मारला का, हे विचारत होते.

ऑफिसात चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की जबानी अरबीत नोंदवावी लागते आणि आज दुभाषा रजेवर आहे. पुढची तारीख घ्या. मला बरं वाटलं. पण चाचा पुढे सरकून अरबीत काहीतरी बोलले. बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे म्हणतात, तुमचं बोलणं हेच अरबीत सांगतील," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या. "तक्रार यांच्यावरच आहे ना?"

"हो."

"तुम्हाला चालेल? कागदांशी ताडून मी बघेनच."

"काम आजच उरकू दे," चाचा मराठीत मला म्हणाले. "लटकत ठेवलंस तर माझी झोप जाईल. यल्ला, बोल."

मी बोलू लागलो. कुठला माल कधी गेला, कुठलं बिल राहिलं. चाचा एकेक वाक्य अरबीत सांगत गेले. एका ठिकाणी मी एक बिल मुद्दाम गाळलं. त्याच्यावर सही पुसट होती. चाचा थांबले. "टाइल्सचं बिल राहिलं," ते म्हणाले. "ते पण सांग. त्या टाइल्स मी उचलल्यात." आणि माझी वाट न बघता त्यांनीच ते बाईंना सांगून टाकलं.

शेवटी मी म्हणालो, "यांनी मजुरांचे पगार बुडवले नाहीत. मी या देशात आलो तेव्हा माझी नोकरी गेली होती, यांनी मला घरात ठेवलं. हे फसवणारे नाहीत."

चाचांनी त्याचं अरबीत एक अगदी छोटं वाक्य केलं.

बाईंनी पेन खाली ठेवला. "तुम्ही एवढं बोललात आणि हे इतकंच?" त्यांनी मला विचारलं. "काय गाळलं यांनी?"

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. चाचा खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "याने नियम बदलत नाही. पण लिहून ठेवते."

निकाल पुढच्या आठवड्यात आला. बिलं फिटेपर्यंत लायसन्स गोठवलं. हातातलं काम पुरं करायची मुभा. मुदतीत पैसे भरून चाचांनी स्वतः येऊन सही केली तर लायसन्स पुन्हा सुरू, नाहीतर रद्द.

जबानीच्या दिवशी पार्किंगमध्ये मात्र ते माझ्यावर चिडले होते. "दुकानाचा पगार खातोस आणि माझी बाजू मांडतोस? अरबाबने ऐकलं तर काय म्हणेल? मी तुझी जामीनकी दिलेय तिथे!"

मला हसावं की रडावं कळेना. "चाचा, तक्रार तुमच्यावर होती."

"म्हणून काय झालं? काम म्हणजे काम."

व्हिलाचं काम त्यांनी पुरं केलं, जिनाही फोडून पुन्हा बांधला. पण पैसे हातात यायला वेळ लागणार होता. गवंड्यांना त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे लावून दिलं आणि स्वतः गावी गेले. नंतर व्हिलाच्या मालकाने पैसे सोडले, चाचांच्या धंद्यात एक बहारिनी भागीदार होता, त्याने त्यातून आमची सगळी बिलं भरली. मी आनंदाने फोन केला, तर चाचा म्हणाले, "बरं झालं, अरबाबचे पैसे फिटले. माझं आता खलास. ज्या ऑफिसात मान खाली घालून उभा राहिलो, तिथे परत सही करायला मना नाय जायचं." त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

बिलं फिटल्याचा कागद त्यांना कुरिअरने पाठवायचाच होता. त्याच पाकिटात मी एक पत्र घातलं. त्याला आठ दिवस झाले. ते पत्र असं :

'आदरणीय चाचा, सलाम.

सोबत अरबाबच्या सहीचा कागद आहे. तुमच्याकडे आता आमची काहीही बाकी नाही. या महिन्याच्या अखेरपर्यंत तुमची सही झाली, तर लायसन्स चालू होईल. ऑफिसात विचारून आलो. दंड लागणार नाही.

तुम्ही म्हणता, मान खाली घातली. मी तुमच्या शेजारीच उभा होतो. तुम्ही मान खाली घातलेली मला तरी दिसली नाही. तुम्ही स्वतःविरुद्धचं बिल स्वतः सांगितलंत. माझ्या वडिलांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, अशा माणसाच्या हाताखाली तू शिकलास, मला पदवीपेक्षा त्याचं समाधान आहे.

धंदा करायचा नसेल तर करू नका. वय झालंय, गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे. पण तो तुम्ही बंद करा. थकबाकीमुळे बंद पडला असं कुठल्या कागदावर राहायला नको. सही करा, चालू करा, मग वाटलं तर दुसऱ्या दिवशी बंद करा. मी दोन्ही दिवस तुमच्याबरोबर येईन, आणि या वेळी गाडी माझी.

तुमच्या जुन्या गवंड्यांपैकी दोघे दुकानात येऊन गेले. तुम्ही कधी येणार, असं विचारत होते. मी सांगितलं, मला माहीत नाही. हे उत्तर मला वारंवार द्यायला लावू नका.

तिकिटाची काळजी करू नका. ही काही परतफेड नाही, तसं समजू नका आणि त्यावरून मला रागावूही नका. राहायला आमच्याकडे या. बायकोने मासे करायला शिकून घेतलेत. ती खात नाही, पण करते चांगले.

चाचीला नमस्कार. पत्राचं उत्तर लिहायला नको. फक्त फोन उचला.'