चार पांढरे ड्रेस आणि बसाप्पाचं लिंबू

समस्त नागरिकांना गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या रविवारी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका मोरीत, सतरा वर्षं फौजेतली ऑफिसर्स मेस सांभाळलेल्या हवालदाराचा चार पांढऱ्या ड्रेसनी पराभव केला. तो हवालदार मी.

ड्रेस सुरेखाचे. सुरेखा माझी बायको, दवाखान्यात सिस्टर. बोअरच्या पाण्यानं तिचे कपडे सायीसारखे पिवळट झाले होते. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर सोमवारी सकाळी सात वाजता ती पहिल्यांदा वॉर्डची इन्चार्ज म्हणून उभी राहणार होती. रविवारी ती भाचीच्या साखरपुड्याला पन्हाळ्याला गेली. जाताना म्हणाली, "कापडास्नी हात लावू नका. आल्यावर मी बघतो की."

ऑर्डर स्पष्ट होती. तिची रिक्षा वळेपर्यंत मी ती पाळली.

०९३० वाजता बादलीत बोअरचं पाणी घेतलं. ब्लीच ओतलं. झाकणानं मोजून नव्हे, हिमतीनं. चारही ड्रेस बुडवले. १०१० वाजता उघडून पाहिलं. सायीचा आमरस झाला होता.

सुरेखाचा फोन वाजला.

"काय चाललंय?"

"सिच्युएशन अंडर कंट्रोल."

"म्हंजी काय फोडलंसा?"

"काही नाही. ओव्हर."

मी मोरीच्या कट्ट्यावर बसलो. पाचवा ड्रेस घरात नव्हता. ब्लीचचा वास नाकात भिनला आणि बसाप्पा आठवला.

बसाप्पा गडहिंग्लजचा, आमच्या युनिटचा वॉशरमन. पूर्वेकडच्या एका डोंगरी पोस्टवर हातपंपाला तांबूस पाणी यायचं. जनरल साहेबांची व्हिजिट ठरली आणि मेसचे पांढरे कोट पिवळे. मी तेव्हा नाईक हुद्द्यावर. तिथंही मीच ब्लीच ओतलं होतं, तिथंही आमरसच झाला होता. बसाप्पानं माझ्या हातातून डबा काढून घेतला.

"उस्ताद, ह्या पाण्यात लोखंड हाय. ब्लीच घातलं की त्येचा गंज हुतोय आन् कापडात बसतोय."

"मग आता?"

"लिंबू. पर ब्लीचचा वास गेल्याबिगर लिंबू न्हाय. दोन्ही भेटली की इखारी धूर. आन् पाणी पावसाचंच घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी कोट दोरीवर होते. अख्खी प्लाटून बघत उभी होती. मागे बर्फाचं शिखर होतं. ते मळकट दिसत होतं.

सुट्टीला गावी जाताना बसाप्पा एसटीतून कोल्हापुरात उतरून आमच्याकडे यायचा. चहाच्या आधी म्हणायचा, "वैनी, कापडं काढा." सुरेखा लाजायची. तो ऐकायचा नाही.

पुढच्या पावसाळ्यात पोस्टजवळ कडा कोसळला. दोन जवान अडकले. त्यांना काढायला गेलेल्या पार्टीत बसाप्पा होता. १४२० वाजता वायरलेस सेटवर आवाज आला, "दोघे सापडले. वन मॅन मिसिंग. ओव्हर." त्याच्या टेबलावर माझा कोट इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला होता. तो कोट मी परत घातला नाही. बसाप्पा शेवटपर्यंत सापडला नाही, हे सुरेखाला मीच सांगितलं; मग घरातही त्याचं नाव फारसं निघेनासं झालं.

१०३० वाजता कारवाई सुरू केली. पावसाचं पाणी नव्हतं, पण बिनलोखंडाच्या नळाच्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं. ड्रेस चार वेळा खळबळले, वास पार जाईपर्यंत. मग कोमट पाण्यात बारा लिंबांचा रस गाळून घातला आणि त्यात ते दोन तास ठेवले. पुन्हा नळाचं पाणी. १३१५ वाजता गच्चीवर वाळत घातले.

ऊन लागलं तसे ते उजळत गेले. शेवटी डोळे बारीक करून बघावं लागत होतं. मी कधी सावधानमध्ये उभा राहिलो ते माझं मलाच कळलं नाही.

१७४० वाजता सुरेखा थेट गच्चीवर आली. मी रिपोर्ट द्यायला तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रेसच्या बाहीला बोट लावलं. मग गर्रकन जिन्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली,

"बसाप्पा भावजी आलतं काय?"